फोल्डिंग कॅमेऱ्याचं शटर वेगळं दिसलं म्हणून तो ‘जोडलेला’ ठरत नाही

प्रति,
मा. संपादक

स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या घडीच्या कॅमेऱ्यांवर जो लेख आला तो आमच्या इथे बडोद्यात बऱ्याच घरांत वाचला गेला, दांडिया बाजार रावपुरा भागात तर लोकांनी कात्रण काढून व्हॉट्सॅपवर फिरवलं. विषय घेतलात याबद्दल आधी आभार, कारण मराठीत यावर कुणी लिहीतच नाही. पण त्या लेखात एक तक्ता होता आणि तक्त्याखाली एक वाक्य, की कॅमेऱ्यावरचं शटर आणि लेन्स या तक्त्याशी जुळत नसेल तर तो कॅमेरा नंतर कुणीतरी दोन-तीन कॅमेऱ्यांतून जोडलेला समजावा आणि भंगाराच्या भावातच घ्यावा. हे वाक्य चूक आहे आणि नुसतं चूक नाही, त्याने लोकांचं नुकसान होतंय. आमच्या ओळखीच्या एका काकूंनी सासऱ्यांचा अग्फा आयसोलेट विकायला काढला तर घेणाऱ्याने तेच कात्रण मोबाईलवर दाखवून भाव पाडला, म्हणे तक्त्यात प्रोंटॉर शटर आहे आणि तुमच्याकडे कॉम्पुर, म्हणजे हा जुगाड. खरं तर त्या काकूंचा कॅमेरा त्याच मॉडेलमधला महागातला प्रकार होता. तो भंगारात नाही, उलट जास्त भावाने जायला हवा.

मुळात गोष्ट अशी आहे की हे जर्मन फोल्डिंग कॅमेरे एकाच कारखान्यात पहिल्या स्क्रूपासून शेवटपर्यंत बनत नसत. बॉडी अग्फाची म्युनिकची, शटर बऱ्याचदा बाहेरून यायचं. प्रोंटॉर बनवायचा आल्फ्रेड गाउथियरचा काल्मबाखचा कारखाना आणि कॉम्पुर बनवायचा फ्रीड्रिख डेकेल, तोही म्युनिकचाच. मग एकाच बॉडीवर स्वस्त गिऱ्हाईकासाठी साधं शटर आणि तीन काचांची लेन्स, आणि ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याच्यासाठी कॉम्पुर आणि चार काचांची लेन्स, असे चार-पाच प्रकार दुकानात एकाच नावाने शेजारी शेजारी असायचे. अग्फाचंच घ्या. अग्नार ही त्यांची स्वस्तातली तीन काचांची, अपोटार पण तीन काचांची पण बरीच चांगली, आणि सोलिनार चार काचांची, झाइसच्या टेसार लेन्सच्या जातीची. आयसोलेट २ मध्ये या तिन्ही सापडतात, अपोटार ८५ मिमी एफ ४.५, सोलिनार कधी ८५ मिमी एफ ४.५ तर कधी ७५ मिमी एफ ३.५, आणि शटर व्हारिओ, प्रोंटो, प्रोंटॉर-एस, प्रोंटॉर-एसव्ही पासून कॉम्पुर-रॅपिड, सिंक्रो-कॉम्पुर पर्यंत काहीही. आता हे सगळं एका ओळीच्या तक्त्यात कसं बसवणार. तक्ता करणाऱ्याने बहुतेक एखादा नमुना पाहिला आणि तोच खरा धरला.

आकड्यांचाही घोळ आहे तो सांगतो. आयसोलेटच्या नावापुढे रोमन आकडे येतात, एक, दोन, तीन, पाच, आणि शिवाय एल आणि सुपर. लोक समजतात पाच म्हणजे तीनच्या पुढचा, जास्त भारी. नाही. पाच नंबरचा साधा आहे, त्याला अंतर मोजायचा रेंजफाइंडर नाही. रेंजफाइंडर तीन नंबरला, पण तो नुसता मोजून देतो, वरची चकती फिरवून अंतर वाचायचं आणि मग तो आकडा हाताने लेन्सच्या रिंगवर लावायचा. लेन्स फिरवली की रेंजफाइंडरही आपोआप जुळतो असा प्रकार सुपर आयसोलेटमध्ये, तो १९५४ चा, आणि त्याला फोटोचा आकडा बघायला मागच्या झाकणातल्या लाल खिडकीत बघत बसावं लागत नाही. एल मध्ये लाइट मीटर. म्हणजे वरच्या पट्टीवर किती खिडक्या आहेत, चकती आहे का, मीटर आहे का एवढं पाहिलं की नाव पुसलं गेलेलं असलं तरी मॉडेल कळतं, आणि तुमच्या लेखात नेमकं हेच नव्हतं, नुसती चामड्यावरच्या नावाची अक्षरं कशी दिसतात याचं वर्णन होतं. अमेरिकेत हेच कॅमेरे अन्स्को स्पीडेक्स म्हणून विकले गेले, तेव्हा कुणाच्या अमेरिकेतल्या मामाने आणलेला स्पीडेक्स असेल तर तो वेगळा कॅमेरा समजू नका, आतून आयसोलेटच.

झाइस इकॉनचं प्रकरण सोपं पण आहे आणि अवघड पण. सोपं अशासाठी की त्यांनी मॉडेलचा नंबर चामड्यावर दाबून ठेवलाय, बहुतेक मागच्या झाकणावर, बोट फिरवलं किंवा टॉर्च तिरपा धरला की दिसतो. नंबराच्या शेवटी तिरप्या रेघेपुढे १६ असेल तर ६×६ सेंटिमीटरचा फोटो, २ असेल तर ६×९ चा. नुसता ५२० असेल तर लहान इकॉन्टा, ६×४.५ वाला. ५१५, ५१७, ५१८ हे नेटार, ५२० च्या पुढचे इकॉन्टा, ५३० च्या पुढचे सुपर इकॉन्टा म्हणजे रेंजफाइंडर लेन्सला जोडलेले. त्यातही बघा, सुपर इकॉन्टा बी मध्ये, म्हणजे ६×६ वाल्यात, ५३०/१६ ला रेंजफाइंडरची आणि फोटो बघायची खिडकी वेगवेगळी, ५३२/१६ ला दोन्ही एकत्र, आणि ५३३/१६ ला मीटर बसवलेला. आणि या बी ची गंमत म्हणजे १२० नंबरच्या फिल्मच्या रोलवर ६×६ चे बारा फोटो सगळ्या जगाला मिळतात, याला अकराच मिळतात, कारण आतला काउंटर फोटोंमध्ये जास्त जागा सोडतो. कुणी म्हणालं माझा कॅमेरा बिघडलाय अकराच फोटो येतात तर त्याला सांगा बिघडलेला नाही, तो असाच बनवलाय. लाल खिडक्यांचंही तसंच आहे. लहान ५२० च्या मागे दोन लाल खिडक्या असतात, कारण तेव्हा १२० च्या फिल्ममागच्या कागदावर ६×४.५ साठी वेगळे आकडे छापलेलेच नव्हते, ६×९ चे आठच आकडे असायचे, म्हणून एकच आकडा आधी एका खिडकीत आणायचा मग दुसऱ्या खिडकीत, असे आठाचे सोळा. एका दुकानदाराने मला सांगितलं होतं की दुसरं भोक नंतर कुणीतरी पाडलंय. आता काय बोलणार.

आणि अवघड अशासाठी की लेन्स. युद्धाआधीच्या टेसारवर कार्ल झाइस येना असं लिहिलेलं असतं, हे बरोबर आहे. पण तुमच्या लेखात पुढे लिहिलंय की येना लिहिलेली लेन्स युद्धानंतरच्या कॅमेऱ्यावर दिसली तर ती बदललेली. हे सरसकट म्हणता येत नाही हो. १९४५ नंतर जर्मनीची वाटणी झाली, येना गेलं पूर्वेकडे, पश्चिमेकडे ओबरकोखेनला नवीन कारखाना उभा राहिला आणि त्याच्या लेन्सवर आधी झाइस-ऑप्टॉन आणि मग पुन्हा कार्ल झाइस असं नाव येऊ लागलं. मधल्या टंचाईच्या वर्षांत जी लेन्स हाताला लागली ती बसवली, येनाची पण बसवली, श्नायडरची झेनार पण बसवली. इकॉन्टावर झेनार बघून नाक मुरडणारे लोक मी पाहिलेत. लेन्सवर लाल टी असेल तर तिला कोटिंग, म्हणजे काचेवरची चकाकी कमी करणारा पातळ थर, आहे, आणि कोटिंग असलेली असेल तर ती बहुतेक युद्धानंतरची, एवढं मात्र नक्की धरून चालता येतं. फॉइक्टलेंडरच्या बेसा आणि पर्केओवर स्कोपारच्या आधी कलर लागलं असेल तर तीही कोटिंगवाली, युद्धानंतरची. पर्केओमध्ये एक आणि दोन मधला फरक नुसता बघून कळत नाही, दोन नंबरला फिल्मचा काउंटर आतूनच चालतो, एक नंबरला प्रत्येक फोटोसाठी लाल खिडकीत बघावं लागतं, आणि ई लिहिलेल्याला रेंजफाइंडर.

आता वर्षाचं. लेखात म्हटलंय नावावरून वर्ष काढा. एकच नाव वीस-पंचवीस वर्षं चालवणाऱ्या कंपन्या या, बेसा हे नाव १९२९ पासून आहे, नावावरून काय काढणार. मी सांगतो तसं शटरच्या कडेवरचे आकडे वाचा. वेग १, २, ५, १०, २५, ५०, १०० असे लिहिलेले असतील तर तो जुन्या मापाचा, आणि १, २, ४, ८, १५, ३०, ६०, १२५ असे दुप्पट दुप्पट जात असतील तर पन्नाशीच्या दशकातला किंवा नंतरचा. छिद्राचे म्हणजे अॅपर्चरचे आकडे ४.५, ६.३, ९, १२.५, १८, २५ असे असतील तर जुनी जर्मन पद्धत, आणि ५.६, ८, ११, १६ असतील तर आपल्याला माहीत असलेली. फ्लॅशची वायर लावायला छोटं गोल सॉकेट असेल तर बहुधा युद्धानंतरचा, आणि शटरवर एम-एक्स-व्ही असा लिव्हर असेल तर एम आणि एक्स फ्लॅशसाठी आणि व्ही म्हणजे सेल्फ टायमर, जो बंद पडलेला असतो नव्वद टक्के वेळा (ही टक्केवारी माझी रागाची आहे, मोजलेली नाही) म्हणून व्ही वर ठेवून कधी खटका दाबू नका, तो मध्येच अडकला की शटरच अडकतं. बटण कुठे आहे तेही बघा, शटरवरच छोटी दांडी असेल तर जुना, बॉडीच्या वर बटण आणून आतून जोडलेलं असेल तर नंतरचा. एकदा फोटो काढल्यावर फिल्म पुढे नेल्याशिवाय बटण दाबूच देत नाही असं असेल तर अजून नंतरचा. यातल्या एकाच खुणेवर वर्ष ठरवू नये, पण तीन-चार खुणा एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर ठरतं.

अमेरिकन कोडॅकचं वेगळं. जुन्या कोडॅक फोल्डिंगवर ४, ८, १६, ३२, ६४, १२८ असे आकडे दिसले की लोक खूष होतात, वा एफ ४ ची लेन्स. तसं नाही, ती जुनी युनिफॉर्म सिस्टम, तिथला ४ म्हणजे आपला एफ ८, तिथला ८ म्हणजे एफ ११, फक्त १६ हा १६ शी जुळतो, ३२ म्हणजे २२. हे माहीत नसेल तर फोटो सगळे गडबडतात आणि दोष बिचाऱ्या कॅमेऱ्याला. मागे छोटं झाकण आणि धातूची काडी असेल तर तो ऑटोग्राफिक, १९१४ पासूनचा, त्या झाकणातून फिल्मच्या कागदावर तारीख-जागा लिहिता यायची. मॉडेलच्या नंबरावरून फिल्म कुठली ते कळतं, १ ए ला ११६, ३ ए ला १२२ म्हणजे पोस्टकार्डाएवढा फोटो, व्हेस्ट पॉकेटला १२७. आणि अमेरिकेत बनलेल्या काही कोडॅक लेन्सवर नंबराच्या आधी दोन अक्षरं असतात, ती कॅमेरॉसिटी या शब्दाच्या दहा इंग्रजी अक्षरांवरून वाचायची, पहिलं सी म्हणजे १, मग ए २, एम ३, ई ४, आर ५, ओ ६, असं करत शेवटचं वाय म्हणजे शून्य. ई-ओ असेल तर १९४६. इतकं सोपं कुणीच करून ठेवलेलं नाही. रशियन मॉस्कवाही जवळजवळ तसाच, क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यातल्या मॉस्कवा-५ च्या नंबरातले पहिले दोन आकडे म्हणजेच साल, ५८ असेल तर १९५८. दिसायला सुपर इकॉन्टा सी ची, म्हणजे ६×९ वाल्याची, सख्खी बहीण, म्हणून कधी कधी झाइस म्हणून खपवतात, पण लेन्सवर इंडुस्टार लिहिलेलं असेल तर प्रश्नच मिटला. कोडॅकचाच रेटिना हा ३५ मिमी चा वेगळा विषय आहे, तो स्टुटगार्टला बनायचा, १९३४ पासून, त्यात तीन नंबरला लहान सी आणि मोठा सी असे दोन वेगळे कॅमेरे आहेत आणि तुमच्या तक्त्यात ते एकच धरलेत. मोठ्या सी ची बघायची खिडकी मोठी आणि तिच्यात ३५, ५० आणि ८० मिमी च्या तिन्ही चौकटी दिसतात. तेवढं दुरुस्त करा.

मग खरंच जोडलेला कॅमेरा असतो का? असतो की, आपल्याकडे तर भरपूर, कारण सुटे भाग मिळायचे नाहीत आणि आपले मिस्त्री एकापेक्षा एक हिकमती. पण तो ओळखायचा तक्त्यावरून नाही. लेन्स बोर्डाच्या मागची रिंग बघा, तिच्या खाचांवर स्क्रूड्रायव्हर घसरल्याचे ओरखडे असतील तर कुणीतरी शटर काढलेलं आहे. नुसतं काढलं असेल, साफ करून परत तेच बसवलं असेल, म्हणून इथेही लगेच निकाल देऊ नका. पुढची काच आणि मागची काच वेगवेगळ्या रंगाचा झगमगाट दाखवत असतील, एक निळसर आणि एक अगदी पांढरी, तर शंका घ्यायला जागा आहे. सगळ्यात पक्की परीक्षा अशी की मागचं झाकण उघडून फिल्मच्या जागी ट्रेसिंग पेपर ताणून लावायचा, शटर बी किंवा टी वर उघडं ठेवायचं, रिंग अनंतावर लावायची आणि लांबचं काहीतरी, आमच्याकडे गच्चीवरून लक्ष्मी विलास पॅलेसचा मनोरा दिसतो, ते कागदावर स्पष्ट येतंय का बघायचं. ८५ च्या बॉडीवर कुणी ७५ ची लेन्स चढवली असेल तर ते स्पष्ट येणारच नाही. अंतराची रिंग फुटांत असेल तर ती इंग्लंड-अमेरिका-हिंदुस्थान अशा बाजारासाठी, मीटरमध्ये असेल तर युरोपसाठी, आणि रेंजफाइंडरची चकती फुटांत पण लेन्स मीटरमध्ये असं दिसलं तर मात्र बहुतेक लेन्स दुसरीकडून आलेली.

बेलोज म्हणजे तो घडीचा भाता, त्यावरूनही लेखात उगाच घाबरवलंय. अग्फाचे मूळ बेलोज कोपऱ्यांत सुईने टोचल्यासारखे गळके होतात हे खरं आहे, अंधारात आत टॉर्च घालून बाहेरून बघितलं की तारे दिसतात. त्यामुळे आयसोलेटचा बेलोज धडधाकट असेल तर तो कुणीतरी बदललेला असण्याची शक्यता जास्त, आणि वापरणाऱ्यासाठी ते चांगलंच आहे, त्याचे पैसे कापायचे कारण नाही. दुसरं, अग्फाच्या पुढच्या काचेच्या आट्यांतलं हिरवं ग्रीस वाळून दगड होतं, रिंग फिरत नाही. लोक पकड लावून जोर देतात, मग पुढच्या दोन काचा एकत्रच फिरतात, रिंग फिरल्यासारखी वाटते आणि फोकस पूर्ण गेलेला असतो. विकत घेणाऱ्याने आधी हेच बघावं आणि विकणाऱ्याने जोर देऊन दाखवू नये, हवं तर दिवसभर थोडं थोडं लायटर फ्लुइड टाकून माहितगार माणसाकडून सोडवून घ्यावं.

आता आमच्या बडोद्याचंच एक. लेखात फोटोखाली ‘जर्मन अग्फा क्लिक’ म्हणून जो काळा प्लास्टिकचा डबा कॅमेरा छापलाय तो क्लिक ३ आहे, आणि क्लिक ३ जर्मन नाही, तो इथे बडोद्याला न्यू इंडिया इंडस्ट्रीजमध्ये बनायचा. फोल्डिंग पण नाही तो, म्हणून त्या लेखात त्याचं काम नव्हतं, पण छापलाच आहे तर निदान गावाचं नाव तरी खरं छापा. आमच्याकडे कितीतरी घरांच्या अल्बममधले मुंजीचे आणि कमाटी बागेतले चौकोनी फोटो त्याच डब्यातले, आणि फाइन आर्ट्सची मुलं आज तेच कॅमेरे शोधत फिरतात कारण त्याला १२० चा रोल चालतो आणि तो रोल अजून मिळतो. ६२० वाल्या कोडॅकला तो सरळ चालत नाही, फिल्मची रुंदी तीच पण स्पूलचा दांडा बारीक, अंधारात हाताने दुसऱ्या स्पूलवर गुंडाळून घ्यावी लागते, कोडॅकने ६२० ची फिल्म १९९५ मध्ये बंद केली. हेही घेणाऱ्याला सांगायला हवं होतं तुमच्या लेखाने, त्याऐवजी अर्धं पान तक्त्यात गेलं.

तर माझी मागणी एवढीच आहे की पुढच्या रविवारी ते तक्त्याखालचं वाक्य मागे घ्या, तितक्याच मोठ्या अक्षरात, कोपऱ्यात नको, कारण कात्रण फिरतंय ते मोठ्या अक्षरातलं फिरतंय. आणि वाचकांना कॅमेऱ्याचे फोटो पाठवायला सांगणारच असाल, जसं लेखाच्या शेवटी म्हटलंय, तर नुसता समोरून एक फोटो मागू नका, त्यातून काहीच कळत नाही. शटरच्या कडेचा जवळून एक, लेन्सवरची अक्षरं आणि नंबर वाचता येईल असा एक, वरची पट्टी वरून, मागचं झाकण बाहेरून आणि आतून, आणि चामड्यावर नंबर असेल तर तिरप्या उजेडात तो. आणि कुणाच्या घरी सोबत खोका, पावती, चामड्याची केस किंवा दुकानाचं लेबल असेल तर तेही पाठवायला सांगा, लेबलवरून कॅमेरा मुंबईतून घेतला की इथूनच ते कळतं. ज्यांनी तक्ता वाचून विकायचं ठरवलंय त्यांनी तोपर्यंत थांबलं तर बरं, आणि काकूंना मी सांगितलंय की त्यांचा सौदा अजून झालेला नाही तर आधी शटरचा फोटो मला पाठवा, मग बोलू.

आपला,
एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा